शायलॉकची तक्रार आणि व्हेनिसचा न्याय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला 'साहित्यातला परका माणूस' असा विषय दिला, तेव्हा पहिले नाव डोक्यात आले ते शायलॉकचे. शेक्सपिअरचे 'मर्चंट ऑफ व्हेनिस' हे नाटक मी महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवत आले. ज्यांनी शेक्सपिअर वाचलेला नाही त्यांनाही शायलॉक ठाऊक असतो. गरिबाची जमीन गिळणाऱ्या सावकाराला आपण सहज शायलॉक म्हणतो. कर्जदाराच्या छातीचे पौंडभर मांस मागणारा क्रूर ज्यू, एवढीच त्याची ओळख उरली आहे. त्याच्यावर थुंकणारे, त्याच्या घरातला पैसा पळवणारे आणि शेवटी भर न्यायालयात त्याचा धर्म काढून घेणारे कोण होते, हे मात्र कोणी सांगत नाही. आज मला त्या विसरलेल्या भागाबद्दल बोलायचे आहे.

आधी काळ समजून घेऊ. हे नाटक १५९६-९७च्या सुमारास लिहिले गेले आणि १६०० साली छापले गेले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९० साली सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले होते. त्यांना पुन्हा राहू देण्याचा मार्ग मोकळा झाला तो १६५६ नंतर, क्रॉमवेलच्या काळात. म्हणजे शेक्सपिअरच्या लंडनमध्ये उघडपणे ज्यू म्हणून जगणारा माणूस तीनशे वर्षे नव्हताच. नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकाने ज्यू शेजारी पाहिला नव्हता, पण ज्यूबद्दल त्याचे मत पक्के होते. द्वेषाला ओळखीची गरज लागत नाही. उलट ओळख नसली की तो जास्त सुखाने वाढतो.

त्यातच १५९४ साली रॉड्रिगो लोपेझचे प्रकरण घडले. हा मूळचा पोर्तुगीज ज्यू घराण्यातला वैद्य. ख्रिस्ती म्हणून राहत होता आणि खुद्द एलिझाबेथ राणीचा डॉक्टर होता. राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याचा आरोप ठेवून त्याला जाहीरपणे मारण्यात आले. बाप्तिस्मा घेऊनही तो लोकांच्या लेखी ज्यूच राहिला. त्याच सुमारास मार्लोचे 'ज्यू ऑफ माल्टा' हे नाटक जोरात चालत होते, आणि त्यातला ज्यू विहिरीत विष कालवणारा राक्षस होता. असा प्रेक्षक समोर ठेवून शेक्सपिअरने शायलॉक लिहिला.

आता नाटक जिथे घडते त्या व्हेनिसकडे येऊ. १५१६ साली व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांनी ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात कोंडले. तिथे पूर्वी धातू ओतण्याचा कारखाना होता. त्याच्या नावावरून त्या वस्तीला 'घेटो' म्हणू लागले आणि तो शब्द पुढे जगभर गेला. रात्री घेटोची दारे बंद होत. पहारेकरी ख्रिस्ती असत आणि त्यांचा पगार ज्यूंनी द्यायचा. बाहेर पडताना ओळखीची खूण अंगावर वागवावी लागे. ज्यूंना जमीन घेता येत नसे आणि बहुतेक धंदे बंद होते. चर्चने ख्रिस्त्यांना व्याज घेण्याची मनाई केली होती, पण व्यापाराला कर्ज तर हवेच. मग व्याजाचे काम ज्यूवर सोपवायचे आणि व्याज घेतो म्हणून त्यालाच पापी ठरवायचे, अशी ती व्यवस्था. ज्याला दुसरे दार उघडे ठेवलेले नाही, त्याला 'तू याच दारातून का येतोस' असे विचारण्यासारखे हे आहे. आपल्याकडे जातीने बांधून दिलेल्या धंद्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगते. बसानिओला श्रीमंत पोर्शियाशी लग्न करायचे आहे आणि त्यासाठी पैसे हवेत. त्याचा मित्र अँटोनिओ हा मोठा व्यापारी, पण त्याची सगळी गलबते समुद्रात आहेत. म्हणून अँटोनिओच्या नावावर शायलॉककडून तीन हजार डुकॅट तीन महिन्यांसाठी घेतले जातात. या अँटोनिओने शायलॉकला बाजारात चारचौघांत कुत्रा म्हटले आहे, लाथ मारली आहे, तो त्याच्या दाढीवर थुंकला आहे. शायलॉक हे त्याला आठवण करून देतो. अँटोनिओला लाज वाटत नाही. पुन्हा तसेच करीन, असेच तो म्हणतो. माझ्याशी मित्र म्हणून व्यवहार करू नकोस, शत्रू समजून पैसे दे, असेही सुनावतो. तेव्हा मुदतीत पैसे न आल्यास पौंडभर मांस, अशी अट गंमत म्हणून रोख्यात लिहिली जाते. त्या क्षणी ती खरोखर गंमत होती की सापळा, याचा निकाल शेक्सपिअर देत नाही.

मधल्या काळात शायलॉकची एकुलती एक मुलगी जेसिका एका ख्रिस्ती तरुणाबरोबर पळून जाते. जाताना बापाचा पैसा आणि दागिने घेऊन जाते. मुलीने आपल्या मनाने लग्न करावे, याला माझा अर्थातच विरोध नाही. घरातला तिचा कोंडमाराही नाटकात दिसतो. पण त्या बापाचे हसे कसे केले जाते ते पाहा. रस्त्यावरची पोरे त्याच्यामागे ओरडत जातात आणि अँटोनिओचे मित्र त्याची नक्कल करतात. मग बातमी येते की जेसिकाने एक अंगठी देऊन त्याबदल्यात माकड घेतले. ती अंगठी शायलॉकला लग्नाआधी लीहाने, म्हणजे त्याच्या बायकोने दिलेली होती. नाटकात लीहाचा उल्लेख एवढाच, पण त्या एका आठवणीने सावकाराच्या आत एक नवरा आणि एक बाप दिसू लागतो. पुढे पोर्शिया आणि तिची दासी आपापल्या नवऱ्यांनी अंगठ्या देऊन टाकल्या म्हणून लटके भांडण करतात आणि प्रेक्षक हसतात. प्रेमाची अंगठी खरोखर जपणारा माणूस या नाटकात एकच आहे.

याच प्रसंगात त्याचे ते प्रसिद्ध भाषण येते. आपल्याला का छळले जाते, याचे उत्तर तो सरळ देतो: मी ज्यू आहे म्हणून. मग तो शरीराची साक्ष काढतो. जखम, आजार, ऊन, थंडी, हसू, मरण यांत ज्यू आणि ख्रिस्ती असा फरक नसतो, असा त्याचा मुद्दा. वर्गात हा उतारा वाचला की मुले टाळ्या वाजवत. एकदा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, हा माणूस आमच्या मोहल्ल्यातला वाटतो." मी त्याला म्हटले, "टाळी थांबव आणि पुढे वाच."

कारण भाषण तिथे संपत नाही. त्याचे शेवटचे पाऊल सुडाकडे जाते. ख्रिस्ती माणूस अपमानाला सुडाने उत्तर देतो, तर ज्यूने तेच का करू नये, असा हिशेब शायलॉक मांडतो. तुम्हीच शिकवलेला धडा मी तुमच्यापेक्षा चांगला गिरवून दाखवीन, अशी ती धमकी आहे. सगळी माणसे सारखी, या विचारापासून तो निघतो आणि सगळ्यांना सुडाचा सारखा हक्क, या ठिकाणी पोचतो. पहिल्या अर्ध्यावर टाळ्या वाजवून भाषण तिथेच संपवणे सोपे असते. पण अपमान झालेल्या कुठल्याही समाजापुढचा खरा प्रश्न दुसऱ्या अर्ध्यात आहे. तक्रार खरी आहे म्हणून माणूस मागतो तो उपाय आपोआप न्याय्य होत नाही. चाकूला धार लावत कोर्टात बसलेला शायलॉक माझ्या सहानुभूतीला पात्र आहे, समर्थनाला नाही.

आता त्या कोर्टात जाऊ. न्याय करायला बसलेला ड्यूक, शायलॉक आत येण्याआधीच, तो माणुसकी नसलेला आणि दगडाच्या काळजाचा आहे असे सांगून अँटोनिओबद्दल खेद व्यक्त करतो. कायदेपंडित म्हणून पुरुषाच्या वेशात येते ती पोर्शिया. ती वकील नाही, आणि ज्याच्यासाठी कर्ज काढले त्या बसानिओची ती बायको आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर निवाडा करणाऱ्याचा खटल्यात थेट हितसंबंध आहे. पोर्शियाचे दयेवरचे भाषण शाळेत पाठ करून घेतात, आणि ते सुंदर आहेच. पण दया फक्त शायलॉककडून मागितली जाते. त्याला वर्षानुवर्षे लाथाडले गेले त्याबद्दल अँटोनिओला त्या दालनात कोणी एक प्रश्नही विचारत नाही.

शायलॉक मात्र एक प्रश्न विचारतो. तुम्ही गुलाम विकत घेतले आहेत, त्यांना गाढवाकुत्र्यांसारखे राबवता. त्यांना मोकळे करा, असे मी म्हटले तर तुम्ही सांगाल की ते आमच्या मालकीचे आहेत. मग हे पौंडभर मांसही मी पैसे देऊन घेतले आहे. त्याचा निष्कर्ष भयंकर आहे, पण आरोप बिनतोड आहे. माणसाचे शरीर विकत घेता येते, हा नियम व्हेनिसने आधीच मान्य केलेला होता. या प्रश्नाला कोर्टात कोणीही उत्तर देत नाही.

पुढची युक्ती सर्वांना माहीत आहे: मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये. इथे नाटक संपले असते तर एक माणूस वाचला आणि एक सूड टळला, असे समाधान मिळाले असते. पण पोर्शिया शायलॉकला जाऊ देत नाही. ती आणखी एक कायदा काढते. परक्याने नागरिकाच्या जिवावर उठण्याचा प्रयत्न केला तर त्याची निम्मी मालमत्ता त्या नागरिकाला, निम्मी सरकारला, आणि त्याचे प्राण ड्यूकच्या हाती. 'परका' हा शब्द इथे नीट ऐका. व्हेनिसमध्ये राहणारा, व्हेनिसच्या व्यापाराला पैसा पुरवणारा शायलॉक कायद्याच्या लेखी परका आहे. नागरिकाने परक्याचा छळ केला तर काय, याबद्दल या खटल्यात कोणी एकही कलम वाचून दाखवत नाही.

शेवटी त्याचे प्राण वाचतात. निम्मी संपत्ती अँटोनिओच्या ताब्यात जाते, ती पुढे जेसिकाच्या नवऱ्याला मिळायची असते, आणि उरलेलीही मरताना त्या दोघांच्याच नावे करायची. आणखी एक अट अँटोनिओ घालतो: त्याने ख्रिस्ती व्हावे. त्या काळच्या प्रेक्षकाला ही दयाच वाटली असेल, एक आत्मा नरकातून वाचवला अशी. आज आपण तिला दया म्हणू शकत नाही. सक्तीने धर्म बदलायला लावणे म्हणजे माणसाची स्मृती, त्याचे सणवार, त्याचे मेलेले आईबाप, हे सगळे एका वाक्यात जप्त करणे. शायलॉक 'मान्य' एवढे म्हणतो, बरे वाटत नाही म्हणून जायची परवानगी मागतो आणि रंगमंचावरून निघून जातो. त्यानंतरचा सगळा अंक चांदणे, संगीत आणि थट्टामस्करीचा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. शायलॉकने सूड मागितला आणि तो अडवला गेला, हे योग्य झाले. व्हेनिसनेही सूडच घेतला, पण कायद्याच्या आणि दयेच्या वेषात घेतला, म्हणून तो सुखान्त ठरला. दुबळ्याच्या हातातला सूड चाकूसारखा दिसतो, तर बलवानाचा सूड निकालपत्रासारखा दिसतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा आहे. कायद्यापुढची समानता या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे, परक्यालाही. व्हेनिसचा खटला वाचला की त्या एका शब्दाची किंमत कळते.

या नाटकात आपल्यालाही एक जागा आहे, तीही सांगते. पोर्शियाशी लग्न करायला मोरोक्कोचा राजपुत्र येतो. तो शूर आहे, सभ्य आहे आणि रंगावरून मला नाकारू नका अशी विनंती करतो. तो हरून जातो तेव्हा, त्याच्या रंगाच्या सगळ्यांनी असेच हरावे, या अर्थाचे पोर्शिया बोलते. दयेवर बोलणारी हीच पोर्शिया. आणखी एक मूर स्त्री आहे. शायलॉककडचा जुना नोकर लाँसलॉट याच्यापासून ती गरोदर आहे. त्यावर एक विनोद होतो आणि विषय संपतो. ती रंगमंचावर येत नाही आणि तिला नावही नाही. ज्यू, मूर, गुलाम हे सगळे एकाच दाराबाहेर उभे आहेत.

पुढच्या काळात या नाटकाचे काय झाले, हेही बोलके आहे. १७४१ साली लंडनमध्ये चार्ल्स मॅकलिनने शायलॉकला भीतिदायक खलनायक केले. १८१४ साली एडमंड कीनने त्याला दुखावलेला माणूस म्हणून उभे केले. १९३६ मध्ये तेल अविवला हबीमा नाट्यसंस्थेने ते हिब्रूत केले आणि ज्यू प्रेक्षकांत एवढा वाद झाला की त्यावर एक जाहीर अभिरूप खटला चालवला गेला. १९४३ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये नाझी राजवटीत हेच नाटक झाले. वेर्नर क्राउसने शायलॉक रंगवला, तो किळस यावी असाच. तोपर्यंत त्या शहरातले बहुतेक ज्यू परागंदा झाले होते किंवा छळछावण्यांत पाठवले गेले होते. एकाच संहितेतून करुणाही निघते आणि विषही. संहिता कोणाच्या हातात आहे आणि समोर कोण बसले आहे, यावर ते ठरते. आपल्याकडे भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८८०च्या सुमारास याचे हिंदी रूपांतर 'दुर्लभ बंधु' लिहायला घेतले, तेव्हा शायलॉकचा शैलाक्ष झाला आणि ज्यूचा जैन. परक्याची खुर्ची तशीच राहते, तिच्यावर बसवायला प्रत्येक समाज आपापला माणूस शोधतो.

सुडाशिवाय दुसरे उत्तर असते का? जर्मन नाटककार लेसिंगने १७७९ मध्ये 'नाथान द वाइज' लिहिले. चर्चशी वाद घातल्याबद्दल त्याच्या धर्मविषयक लिखाणावर बंधने आली, म्हणून तो रंगभूमीकडे वळला. गोष्ट जेरुसलेमची, सुलतान सलाहुद्दीनच्या काळातली. नाथान हा ज्यू व्यापारी. ख्रिस्त्यांनी त्याची बायको आणि सात मुले जाळून मारली आहेत. तीन दिवस तो राखेत पडून राहतो, देवाशी भांडतो, ख्रिस्त्यांचा कायमचा द्वेष करण्याची शपथ घेतो. मग कोणी एक तान्ही ख्रिस्ती मुलगी त्याच्या हाती देतो आणि तो तिला आपली लेक म्हणून वाढवतो. ख्रिस्ती धर्मगुरूला हे कळते तेव्हा त्याचा एकच हेका: त्या ज्यूला जाळा. नाथानचे दुःख शायलॉकपेक्षा कमी नाही. पण जखमेचा हिशेब दुसऱ्याच्या लेकराकडून वसूल करायचा नाही, हे त्याने ठरवले. नाझींनी या नाटकावर बंदी घातली. युद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये बर्लिनचे डॉइचेस थिएटर पुन्हा उघडले, ते याच नाटकाने.

असेच कथासूत्र आपल्या उर्दू रंगभूमीवरही आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आगा हश्र काश्मिरी यांनी पारशी रंगभूमीसाठी 'यहुदी की लडकी' लिहिले. रोमन सत्ताधारी ब्रूटस एका ज्यू जवाहिऱ्याच्या मुलाचा जीव घेतो आणि तो ज्यू त्याच ब्रूटसची मुलगी आपली म्हणून वाढवतो. १९५८ साली बिमल रॉय यांनी त्यावर 'यहुदी' चित्रपट काढला. सोहराब मोदी, दिलीपकुमार आणि मीनाकुमारी त्यात होते. एका मुस्लिम नाटककाराने पीडित ज्यूची बाजू घेतली, पारशी नटाने ती भूमिका केली आणि हिंदू-मुस्लिम प्रेक्षक रडले. हा आपला वारसा आहे.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्या मोहल्ल्यांत 'यहुदी' हा शब्द आजही शिवीसारखा वापरला जातो. पॅलेस्टिनी माणसावर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध आपण बोललेच पाहिजे. पण सरकारच्या कृत्याचा हिशेब धर्माकडे मागायचा नसतो. जगात कुठेही स्फोट झाला की आपल्याकडे खुलासा मागितला जातो, तेव्हा जो राग येतो तो आठवा. तोच न्याय ज्यूला लावा.

शिवाय आपण शेक्सपिअरच्या प्रेक्षकासारखे ज्यू न पाहिलेले लोक नाही. कोकणातले बेने इस्रायल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत १७९६ साली त्यांनी आपले पहिले सिनेगॉग बांधले. आजूबाजूचे लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच आल्याचे सांगितले जाते. त्या सिनेगॉगच्या नावाचा अर्थ 'दयेचे द्वार' असा आहे.

आपल्या परंपरेतली एक गोष्ट सांगून थांबते. मदिनेत एका मुस्लिम कुळातल्या माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका ज्यूवर ढकलला. कुळातले लोक आपल्या माणसाची बाजू घ्यावी म्हणून प्रेषितांकडे गेले. सूरा निसामधल्या १०५व्या आयतीपासूनच्या आयती याच प्रसंगी आल्या आणि ज्यू निर्दोष ठरला, असे भाष्यकार सांगतात. व्हेनिसच्या कोर्टाला जे जमले नाही ते इथे घडले: आपला माणूस आणि परका माणूस समोर असताना, तो कोण आहे हे बाजूला ठेवून त्याने काय केले एवढेच पाहिले गेले.

आपल्यावर अन्याय होतो तेव्हा आपण न्याय मागतो. तो मागताना नाथानला विसरू नका. आणि निकाल देण्याची पाळी आपल्यावर येईल, घरात, जमातीत, पंचायतीत, तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाची तक्रार आधी ऐकून घ्या. शायलॉकची कोणी ऐकली नव्हती.